पहिल्या ओळीतलं नाव

बाई कोणाच्याही घरात शिरल्या की आधी वर बघायच्या. घरातली माणसं 'या, बसा' म्हणत असायची आणि बाईंची नजर कपाटाच्या डोक्यावर, फळीवर, माळ्याच्या तोंडाशी. "घर खालून आवरतात, भाऊसाहेब," त्या मला म्हणाल्या होत्या. "वरचं कोणी आवरत नाही. म्हणून वर बघायचं."

मी शाळेत हेडक्लार्क होतो आणि त्या चित्रकलेच्या शिक्षिका. आमच्याकडे शाळेतल्या कारकुनाला भाऊसाहेब म्हणतात. निवृत्त होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली तरी त्या मला तेच म्हणायच्या. नोकरीत असताना आमचं सख्य नव्हतं. रजेच्या अर्जात कारण म्हणून त्या 'कंटाळा' असं लिहायच्या. मी तो अर्ज परत पाठवायचो. मग त्या कंटाळ्याच्या आधी 'फार' घालून तोच अर्ज पुन्हा द्यायच्या आणि रजेवर जायच्या.

त्यांच्याविषयी नगरमध्ये, श्रीरामपूरकडे, बेलापूरला एक गोष्ट बोलली जाते. बाईंनी एका गरीब बाईचं नाव पुसलं आणि तिची कला एका इंग्रज मडमेच्या नावावर टाकली, अशी ती गोष्ट आहे. ती खोटी आहे. नाव मी पुसलं. बाई गेल्या त्याला आता वर्ष होईल. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. हे लिहायला मला उशीर झाला आहे, पण लिहिलं नाही तर ती गोष्ट तशीच राहील.

झालं ते असं. बाईंचा एक जुना विद्यार्थी पुण्याहून नगरला परत आला आणि त्याने कॅम्पाच्या बाजूला एका जुन्या दगडी इमारतीत चित्रांची गॅलरी काढली. रस्त्याकडे तोंड करून एक मोठी काचेची खिडकी होती. त्या खिडकीत त्याला राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या इंग्रजी दिवाणखान्यासारखा देखावा हवा होता. लाल मखमल, काचेच्या घुमटाखाली ठेवलेली फुलं, शंख, पितळेची यंत्रं, चमत्कारिक वस्तू. त्याने बाईंना मोबाईलवर फोटो दाखवले. मी तेव्हा गॅलरीचं पत्रव्यवहाराचं काम बघत होतो, म्हणून समोर होतो.

"असा फील पाहिजे, बाई. जुना, गूढ. सामान ऑनलाइन मागवू किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातून उचलू."

बाईंनी एकेक फोटो डोळ्याजवळ नेऊन पाहिला. त्यांना तेव्हाच कमी दिसायला लागलं होतं. "हे सगळं आपल्या जिल्ह्यात आहे," त्या म्हणाल्या. "फक्त माळ्यावर आहे. विकत काही आणायचं नाही. विकत आणलेली वस्तू गप्प असते. उसनी आणलेली बोलते."

"लोक देतील?"

"मागून तर बघू. आणि भाऊसाहेब येतील माझ्याबरोबर. त्यांचं अक्षर चांगलं आहे, आणि चेहरा असा आहे की लोकांना वाटतं, सरकारी काम आहे."

त्यांचे नियम ठरलेले होते. वस्तू एका महिन्याच्या बोलीवर आणायची. परत करताना नुसती द्यायची नाही, बरोबर काहीतरी खाऊ द्यायचा. शेजारणीची वाटी आपण रिकामी परत देत नाही, तसंच हे, असं त्यांचं म्हणणं. आणि प्रत्येक वस्तूजवळ एक कार्ड. कार्डावर तीनच ओळी: कोणी केलं, कोणी वापरलं, कोणी टाकू दिलं नाही. कोणत्याही घरात त्या हेच तीन प्रश्न ह्याच क्रमाने विचारायच्या आणि उत्तरं ज्याची त्याच्या शब्दांत वहीत लिहून घ्यायच्या.

सुप्याला एका कारखान्यातल्या कामगाराच्या घरी त्यांना स्वयंपाकघराच्या फळीवर पितळेचा एक लहान कर्णा दिसला. पणजोबांना ऐकू येत नव्हतं, ते तो कानाला लावत. आता घरात त्याचं नरसाळं झालं होतं.

"आमी त्यानं तेल वततो," घरधनीण लाजून म्हणाली.

बाईंनी तो लगेच कानाला लावला आणि डोळे मिटले. "बोला काहीतरी."

"काय बोलू?"

"पणजोबांना काय बोलायच्या घरातल्या बायका?"

घरधनिणीने सासूकडे पाहिलं. सासू कर्ण्याच्या तोंडाशी वाकून म्हणाली, "आवं, भाकरी थंड व्हायलीय." सगळं घर हसलं. बाईंच्या कानातून शेंगदाण्याच्या तेलाचा ओघळ मानेवर आला, तो त्यांनी पदराने पुसला नाही. परतीच्या बसमध्ये त्यांनी तो कर्णा चादरीत गुंडाळून मांडीवर घेतला आणि कंडक्टरला सांगितलं, "ह्याचंही हाफ द्या."

"मावशी, तुमालाच हाफ लागतंय. बाबांनाबी हाफ. दोघं मिळून एक झालं. ह्याला आता कुठनं देऊ?"

"त्याचं वय तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त आहे."

"मंग त्याला फुकाट," कंडक्टर म्हणाला आणि पुढे गेला. बाई सुप्यापासून नगरपर्यंत खूश होत्या.

श्रीरामपूरला एका ख्रिस्ती कुटुंबात त्यांना मिळालेली वस्तू मी जन्मात विसरणार नाही. घरातले आजोबा कंपाउंडर होते. लहान मुलं नाकाकानात काय काय घालतात ते डॉक्टर काढत, आणि आजोबा ते धुऊन एका पुठ्ठ्यावर ओळीने शिवून ठेवत. खाली शाईने नोंद. हरभरा, डावी नाकपुडी, वय चार. शर्टाचं बटण, उजवा कान, वय सहा. चिंचोका, मोड आलेला. प्रत्येकाखाली मुलाचं नाव. कंपाउंडरांची मुलगी आता सत्तरीची. तिने एका नावावर बोट ठेवलं.

"हे नाव तेवढं झाका हं, बाई. ते आता मोठे पुढारी आहेत."

"कशावर आहे ते?"

"खडूवर."

"म्हणजे सरकारी माल दडवायची तयारी लहानपणापासून होती," बाई म्हणाल्या आणि नावावर कागदाची पट्टी चिकटवली. खडू मात्र दिसत राहिला.

हे मी लिहितो आहे कारण मला त्या दिवसांत मजा आली. नोकरीत पस्तीस वर्षं मी लोकांना 'काय काम आहे' असं विचारलं होतं. बाईंबरोबर हिंडताना लोक मला आत बोलवत होते. सकाळी एसटी स्टँडवर त्या उभ्या दिसल्या की आज काय सापडेल अशी उत्सुकता वाटायची.

बेलापूरला बौद्धवस्तीतल्या आपल्या घरी आम्हाला एका परिचारिकेने नेलं. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात कामाला, चाळिशीची, बोलायला नीट आणि थोडी कडक. तिच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्या खाली लाकडी फळीवर काचेचा घुमट. हातभर उंच. आत फुलांचा गुच्छ होता. किरमिजी गुलाब, पांढऱ्या जाईसारखी फुलं, तपकिरी पाकळ्यांची दोन मोठी फुलं, ती सोडली तर सगळी इतकी पातळ की पलीकडचा उजेड दिसावा. मी अशी वस्तू फक्त गॅलरीच्या मालकाच्या मोबाईलवरच्या फोटोंत पाहिली होती.

बाई फळीसमोर उभ्या राहिल्या आणि नाक काचेला टेकेल इतक्या पुढे झाल्या. मग पहिला प्रश्न विचारला. "कोणी केलं?"

उत्तर परिचारिकेच्या वडिलांनी दिलं. ते ऐंशीच्या पुढचे, खाटेवर बसलेले. "आमच्या आईनं. ठमाबाई नाव तिचं. साखर कारखान्याच्या सायबाच्या बंगल्यावर झाडलोट करायची. तितं मेनाची फुलं हुती ह्या काचंखाली. उन्हाळ्यात पार वितळली. मडम म्हनली टाकून दे. आईनं काच घरी आनली. म्हनली, काच रिकामी काय ठिवायची?"

"आणि ही फुलं?"

"ही लाल दिसत्यात ना, ती कांद्याच्या साली. पांढरी लसनाची. ती मोठी कपाशीच्या बोंडाची टरफलं. बाभळीचा डिंक. खाली कडुलिंबाचा पाला घातलाय, कीड लागू नये म्हनून. दोन वरीस करत हुती ती."

"कोणाकडे शिकल्या?"

"कुनाकडं शिकनार? बघितलं तिनं बंगल्यावर. मेन कुठनं आनायचं, म्हनून साली घेतल्या."

बाईंनी हे सगळं शब्दन्‌शब्द लिहून घेतलं. मग घुमटाला कान लावला, ही त्यांची सवयच होती, आणि म्हणाल्या, "बाबा, हे मी खिडकीच्या मधोमध ठेवते."

म्हातारे हसले. "ठिवा की. पन तिचं नाव लिहा खाली. सायबाच्या बंगल्यावर तिला कुनी नावानं हाक मारली न्हाई कवा."

हे वाक्य मी ऐकलं होतं. मी तिथेच होतो, हे मला नोंदवायचं आहे.

पुढच्या आठवड्यात बाईंच्या डोळ्याचं मोतिबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि काही दिवस वाचायचं नाही म्हणून सांगितलं. कार्डं लिहायची राहिली होती. बाईंनी वही माझ्या हातात दिली. "जसं आहे तसं उतरवा, भाऊसाहेब. शुद्धलेखन तेवढं तुमचं."

मी घरी बसून कार्डं लिहिली. कर्ण्याचं लिहिलं, पुठ्ठ्याचं लिहिलं. ठमाबाईंच्या कार्डाशी माझा हात थांबला. मला ते खरं वाटत नव्हतं. त्या माणसाने खोटं सांगितलं असं नव्हे. घरातली माणसं आजीबद्दल अभिमानाने वाढवून सांगतात, असं मी स्वतःला समजावलं. कारकुनाने खात्री नसलेलं लिहू नये, असंही समजावलं. पण कंपाउंडरच्या मुलीचं मी खात्री न करताच लिहिलं होतं. खरं कारण वेगळं होतं. माझ्या घरी तीन पिढ्या भिक्षुकी, मग मास्तरकी, मग कारकुनी. झाडलोट करणाऱ्या, त्यातून त्या वस्तीतल्या बाईच्या हातून इतकं नाजूक काम झालं असेल, हे माझ्या मनात शिरत नव्हतं. मडमेने केलं म्हटलं की लगेच शिरत होतं. त्याला पुरावा लागत नव्हता.

मी कार्ड लिहिलं. कोणी केलं: साहेबांच्या पत्नीने. कोणी वापरलं: साहेबांच्या कुटुंबाने. कोणी टाकू दिलं नाही: ठमाबाई. नाव गाळलं नाही, असंही मनात म्हटलं. पहिल्या ओळीतून तिसऱ्या ओळीत घातलं, एवढंच.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी खिडकी मांडून झाली. बाईंनी मला रस्त्याच्या पलीकडे उभं केलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय मोजायला लावले, म्हणजे कोणाचे पाय कुठे थांबतात ते. दोन रिक्षावाले कर्ण्याशी थांबले, शाळेच्या मुली पुठ्ठ्याशी थांबून हसल्या, पण घुमटाशी जो थांबला तो हलेना. बाई काळ्या चष्म्यातून तिकडे बघत होत्या. त्यांना आकार दिसत होते, अक्षर नाही.

"आता कार्डं वाचून दाखवा मला," त्या म्हणाल्या.

मी खिडकीशी जाऊन एकेक वाचत गेलो. त्या मान हलवत होत्या. घुमटाचं कार्ड आलं. माझ्यासमोर जे लिहिलेलं होतं ते मी वाचलं नाही. त्यांच्या वहीत जे होतं ते आठवून म्हटलं. कोणी केलं: ठमाबाईंनी, कांद्याच्या आणि लसणाच्या सालींची.

"छान," बाई म्हणाल्या. "पुढचं."

तेव्हा कार्ड बदलायला दहा मिनिटं लागली असती. कोरी कार्डं माझ्या पिशवीत होती.

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी एका स्थानिक वर्तमानपत्रात घुमटाचा मोठा फोटो आला, खाली 'मडमेची कलाकुसर' असा मथळा. तिसऱ्या दिवशी बेलापूरची परिचारिका आली. एकटी, कामावरून थेट, पांढऱ्या पोशाखातच. तिने कार्ड वाचलं, पुन्हा वाचलं, आणि आत येऊन बाईंसमोर उभी राहिली.

"आमच्या वडिलांनी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"ठमाबाईंनी केलं म्हणून."

"मग कार्डावर काय लिहिलंय? साहेबाच्या बायकोनं केलं आणि माझ्या आजीनं टाकलं नाही? तिनं काय राखण केली फक्त?"

बाईंनी चेहरा माझ्याकडे वळवला. चष्म्यामुळे डोळे दिसत नव्हते. मी जमिनीकडे पाहिलं. मग बाई म्हणाल्या, "कार्डं माझी आहेत. चूक माझी."

"चूक? तुम्ही वहीत लिहून घेतलं होतं. माझ्यासमोर."

"हो."

"मग मुद्दाम केलंत."

बाई काही बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही. त्या वेळी तिथे मालक होता, दोन पाहुणे होते. मला सगळ्यांसमोर उघडं पडायचं नव्हतं, ह्यापलीकडे त्या गप्प राहण्याला काही अर्थ नाही.

परिचारिकेने त्याच संध्याकाळी मोबाईलवर सगळं लिहून टाकलं, बाईंच्या नावानिशी, आणि ते जिल्हाभर फिरलं. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. जे समोर दिसलं ते तिने लिहिलं. मालकाने घाबरून खिडकीवर पडदा ओढला.

दोन दिवसांनी बाई घुमट परत द्यायला बेलापूरला निघाल्या. मी बरोबर गेलो. घुमट चादरीत गुंडाळून मांडीवर होता आणि पिशवीत घरी केलेल्या करंज्या. बसमध्ये अर्ध्या वाटेत त्या म्हणाल्या, "लिहिताना माणूस चुकतो, भाऊसाहेब. ते मी समजू शकते. वाचताना काय झालं?"

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही कधी नाही.

बेलापूरला मी कोपऱ्यावर थांबलो. आत गेलो नाही. बाई एकट्या गेल्या आणि पाच मिनिटांत आल्या. करंज्यांची पिशवी हातात तशीच होती.

त्यानंतर बाईंनी वस्तू गोळा करणं सोडलं. सोडलं म्हणणंही बरोबर नाही. त्यांना कोणी घरात घेईना. श्रीरामपूरच्या कंपाउंडरच्या मुलीने पुठ्ठा दुसऱ्याच्या हाती मागवून घेतला. सुप्याच्या घरी कर्णा परत द्यायला त्या गेल्या तेव्हा घरधनीण दारातूनच म्हणाली, "द्या हितं, आमी घेतो." बाईंच्या घरी मी अधूनमधून जात असे. त्या चहा करायच्या, शाळेतल्या जुन्या गोष्टी काढायच्या, मला भाऊसाहेबच म्हणायच्या. एकदा मी म्हटलं, "बाई, मी त्या लोकांना खरं सांगून येतो." त्या म्हणाल्या, "या सांगून." परवानगी केव्हाच मिळाली होती. दोन वर्षं मी गेलो नाही. मग बाई गेल्या.

परवा मी बेलापूरला गेलो. परिचारिकेने दार उघडलं, मला ओळखलं. तिचे वडील त्याच खाटेवर होते, आता आडवे. घुमट फळीवर होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. कार्ड मी लिहिलं, वाचताना मी खोटं वाचलं, बाईंना काही माहीत नव्हतं. नवं कार्ड लिहून नेलं होतं ते पुढे केलं.

परिचारिकेने ते वाचलं आणि परत दिलं. "आम्हाला कशाला? आम्हाला माहितीय कोणी केलं ते. ज्यांनी तुमचं पहिलं वाचलं त्यांना सांगा."

"सांगतो. लिहितो."

"आणि तेव्हा का नाही बोललात?"

मी म्हटलं, "लाज वाटली."

"कशाची? चुकल्याची, का आजीचं नाव वर लिहायची?"

मी सांगितलं, आधी नाव लिहायची, नंतर चुकल्याची.

म्हातारे एवढा वेळ छताकडे बघत ऐकत होते. ते हळू आवाजात बोलायला लागले, मला वाकावं लागलं. "बंगल्यावर आईला वरनं पानी वतायचे वंजळीत. म्हनून तिनं आमाला सांगितलं हुतं, आपल्या दारातनं कुनी पान्यावाचून जायचं न्हाई. वैरी आला तरी. आमी पाळलं ते, जलमभर." ते थांबले. "त्या बाई आल्या तवा ह्या पोरीनं काच घिऊन दार लावलं. मीच म्हनलो लाव म्हनून. उन्हाच्या आलत्या त्या. पानी मागितलं हुतं त्यांनी."

परिचारिका दाराच्या चौकटीला हात लावून उभी होती. "मी दिलं नाही," ती म्हणाली. "तुमच्यामुळं नाही दिलं. आता ते कोणाला द्यायचं?"

मी कार्ड खिशात घातलं आणि निघायला वळलो.

"थांबा," ती म्हणाली.

ती आत गेली. भांड्याचा आवाज आला. ती तांब्या आणि फुलपात्र घेऊन बाहेर आली, फुलपात्र भरलं, आणि माझ्या हातात दिलं. मी पिऊन संपवेपर्यंत ती समोरून हलली नाही.